त्या फोटोतला डबा आधी बंद करायला सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या जिल्ह्याच्या पानावर एक फोटो आला होता, विज्ञान प्रदर्शनातला, तीन मुलं आणि एक सर एका डब्यावर वाकून बघतायत आणि डब्यात निळी ट्यूब पेटलेली, चौघांचे चेहरे खालून निळे झालेत. वर हेडिंग होतं की विद्यार्थ्यांनी टाकाऊ वस्तूंपासून मास्क निर्जंतुक करणारं यंत्र बनवलं. फोटो खरंच भारी आलाय, त्याबद्दल शंका नाही. पण मी चहाचा कप तसाच ठेवला आणि पहिला विचार आला की त्या पोरांना त्या रात्री झोप लागली असेल का.

आता कुणी म्हणेल ह्याला काय पडलंय, पोरांनी कौतुकाचं काम केलं तर हा खोट काढत बसलाय. म्हणून आधी माझं सांगतो. मी मिरजेत एकोणीस वर्षं पाण्याचे प्युरिफायर बसवतो आणि रिपेअर करतो. फिल्टर, मेंब्रेन, मोटर, आणि यूव्हीची, म्हणजे अतिनील किरणांची, ट्यूब. त्या फोटोत जी ट्यूब दिसतेय ती आमच्याच धंद्यातली आहे, पिनांवरून ओळखली. आणि दुसरं म्हणजे तो डबा मीसुद्धा बनवलेला आहे. एक नाही, अकरा. बनवून विकलेत.

२०२० चा एप्रिल. आमच्या सांगली जिल्ह्यात इस्लामपूरला मार्चमध्येच एका घरातून रुग्ण निघायला सुरुवात झाली होती त्यामुळं इकडं लोक मुंबई-पुण्याच्या आधीच धसकले होते. दुकान बंद, कुणी घरात घेईना, प्युरिफायर बिघडला तरी लोक म्हणायचे राहूदे, उकळून पितो. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, माझी निम्मी गिऱ्हाइकं डॉक्टर. त्यातल्या एकांचा फोन आला, छोटा दवाखाना आहे, ते आणि एक सिस्टर दोघंच. म्हणाले एन९५ मिळत नाहीत, मिळाले तर मेडिकलवाला सांगेल तो भाव, माझ्याकडं सहा आहेत आणि ते किती दिवस पुरवायचे कळत नाही, तुझ्याकडं त्या यूव्हीच्या ट्यूबा असतात ना, त्याचं काही करता येईल का बघ.

त्याच दिवसांत बातम्या पण तशाच येत होत्या. आयआयटी मुंबईवाल्यांनी स्वयंपाकघरातला स्टीलचा डबा आणि अ‍ॅल्युमिनियमची जाळी वापरून पाकीट-पर्स ठेवायचा यूव्ही सॅनिटायझर बनवला. आयआयटी रोपडवाल्यांनी दारात ठेवायची ट्रंक केली, भाजी-नोटा ३० मिनिटं ठेवायच्या आणि मग १० मिनिटं गार होऊ द्यायच्या, आणि मोठ्या प्रमाणात बनली तर ५०० रुपयांच्या आत पडेल म्हणाले. मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डनं तर अख्खी खोलीच तयार केली, कपडे आणि कामाची अवजारं ठेवायला. हे सगळं वाचून कुठल्याही मेकॅनिकचे हात शिवशिवणारच. म्हटलं आपल्याकडं तर ट्यूबांची रास पडलीय.

रास कसली होती ते आधी सांगतो कारण पहिली चूक तिथंच झाली. प्युरिफायरची यूव्ही ट्यूब वर्षा-दीड वर्षानं बदलतात. साधारण ८-९ हजार तास तिचं आयुष्य धरतात. बदलताना गिऱ्हाईक हमखास भांडतं की अहो पेटतीय की ती, कशाला बदलताय, तुमचा नुसता पैसे काढायचा धंदा. आणि मी प्रत्येकाला तेच उत्तर देत आलोय, की पेटती म्हणजे काम करती असं नाही. जंतू मारणारी जात म्हणजे यूव्ही-सी, ती डोळ्याला दिसतच नाही. आपल्याला जो निळा उजेड दिसतो तो पाऱ्याच्या वाफेतून निघणारा दुसरा उजेड, त्यानं जंतूला काही होत नाही. जंतूच्या आतली जी जनुकं असतात ती ज्या उजेडानं बिघडतात तो २५४ नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे उजेडाच्या लहरीची लांबी मोजायचं माप), आणि ट्यूब जुनी होईल तशी तिची काच काळवंडते आणि तो उजेड काचेतच अडायला लागतो, निळा मात्र बाहेर येतच राहतो. हे मी लोकांना एकोणीस वर्षं सांगतोय, आणि पहिले चार डबे मी त्याच काढून टाकलेल्या जुन्या ट्यूबा घालून बनवले. पेटत होत्या ना. बास.

डबा म्हणजे घरातला पिठाचा स्टीलचा डबा, बायकोनं शिव्या देत दिला, आत तळाला क्लिपा मारून ११ वॅटची ट्यूब, बाजूला चोक, मध्ये भाजी धुवायच्या जाळीचा तुकडा आणि त्यावर मास्क. झाकणावर पांढऱ्या ऑइल पेंटनं लिहिलं, ‘५ मिनिटे’. ही ५ मिनिटं कुठनं आली म्हणाल तर कुठनंच नाही. प्युरिफायरमध्ये पाणी ट्यूबला घासून काही सेकंदात निघून जातं आणि तेवढ्यात शुद्ध होतं, तर मास्कला ५ मिनिटं म्हणजे चंगळच, असा माझा हिशोब.

तो हिशोब किती चुकीचा होता ते मला पुढं कळलं, आणि ते सांगण्यासाठीच खरं तर एवढं लांबलचक लिहितोय, कारण त्या बातमीत पण ‘अवघ्या काही मिनिटांत’ असं छापलंय.

प्युरिफायरच्या चेंबरमध्ये ट्यूबच्या भोवती क्वार्ट्झची नळी असते आणि पाणी तिच्यापासून बोटभर अंतरावरून जातं, पाणी स्वच्छ असतं, त्यात सावली पडत नाही. मास्क तसा नाही. मास्क म्हणजे कापडाच्या घड्या. एन९५ च्या आत तीन-चार थर असतात आणि मधला थर म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचे केसाहून बारीक धागे, त्याला वीजभार दिलेला असतो, त्या भारामुळंच बारीक कण चिकटतात. विषाणू वरच्या वर बसून राहत नाही, आतल्या थरात जाऊन अडकतो. आता काचेवरचा उघडा विषाणू मारायला यूव्ही लागते थोडीशी, पण मास्कच्या पोटात शिरायचं तर कितीतरी पट जास्त लागते. अमेरिकेत त्या वेळी शास्त्रज्ञांचा एक गट झाला होता, एन९५डिकॉन नावाचा, त्यांनी आकडा सांगितला की एन९५ च्या सगळ्या पृष्ठभागावर प्रत्येक चौरस सेंटिमीटरला निदान १ जूल पोचला पाहिजे. सगळ्या म्हणजे सगळ्या, नाकाच्या पट्टीखाली पण आणि कडेच्या घडीत पण.

आता माझ्यासारख्याला जूल म्हणजे काय डोंबल कळणार, पण डॉक्टरांच्या मुलानं, तो इंजिनीअरिंगला होता आणि लॉकडाऊनमध्ये घरी आला होता, त्यानं वहीवर मांडून दाखवलं, एक वॅट एक सेकंद पडला की एक जूल. १५ वॅटची नवी, चांगल्या कंपनीची ट्यूब घेतली तर त्यातून कामाचा उजेड निघतो साडेचार-पाच वॅट. एक मीटरवर तो पसरून उरतो चौरस सेंटिमीटरला ०.०५ मिलीवॅट. म्हणजे एक मीटरवर मास्क टांगला तर १ जूल व्हायला साडेपाच तास. ट्यूबच्या १० सेंटिमीटर जवळ आणला तर साधारण १ मिलीवॅट मिळतो, म्हणजे १६-१७ मिनिटं, आणि ते फक्त एका बाजूला. मग उलटा करून परत तेवढंच. आणि हे नव्या १५ वॅटच्या ट्यूबचं. माझी ११ वॅटची, वर्षभर चालून चालून थकलेली. ५ मिनिटं. तो पोरगा चांगला होता, हसला नाही. नुसतं म्हणाला काका, वरच्या बाजूला तर काहीच जात नसेल, तुमची ट्यूब खालीच आहे.

पापड वाळवताना बघा, ऊन जिथं पडतं तिथंच वाळतं, खालची बाजू ओलीच राहते आणि म्हणून आई दर तासाला उलटायला पाठवायची. यूव्हीचं हुबेहूब तसंच. आणि ऊन निदान परत भिंतीवरून येतं, इथं तेवढंही नाही, कारण स्टील आपल्याला कितीही चकचकीत दिसलं तरी यूव्ही-सी ला ते जेमतेम चौथा हिस्सा परत फेकतं. अ‍ॅल्युमिनियम बरं, ते पाऊण हिस्सा फेकतं, म्हणून आतून फॉइल लावतात. मग आरसा लावला तर अजून चांगलं, असं आमच्या गल्लीतल्या सलूनवाल्याला वाटलं आणि त्यानं त्याच्या कपाटाला आतून चारी बाजूंनी आरसे मारले. साधी काच यूव्ही-सी खाऊन टाकते, मागच्या कलईपर्यंत ती पोचतच नाही. त्याचं कपाट आतून एवढं सुंदर दिसायचं की काय सांगू, ताजमहाल. कंगवे मात्र होते तसेच.

तोच नियम दुसऱ्या एकानं उलटा मोडला, त्यानं मास्क काचेच्या बरणीत ठेवून ती बरणी डब्यात ठेवली, का तर मास्कला धूळ लागू नये. आणि तिसऱ्यानं ऑनलाइन जांभळ्या एलईडीची पट्टी मागवली आणि चपलेच्या खोक्यात चिकटवली. पाकिटावर यूव्ही लिहिलं होतं, खोटं नव्हतं ते, पण ती ३९५ नॅनोमीटरची, नोटा तपासायच्या मशीनमध्ये असते त्या जातीची. त्यानं पांढरा शर्ट चमकतो. नुसतं यूव्ही म्हटलं म्हणून सगळं एक होत नाही, जसं तेल म्हटलं म्हणून एरंडेलात भजी तळत नाहीत.

बरं, हे सगळं म्हणजे फार तर पैसे वाया आणि खोटा भरवसा. तेवढ्यावर राहिलं असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. आता फोटोकडं येतो.

पाचव्या डब्यापासून मी नव्या ट्यूबा घालायला लागलो. डॉक्टरांच्या मुलाचं ऐकून वर-खाली दोन. आतून फॉइल. म्हणजे डबा आता खरा झाला होता, ताकदीचा. माझ्या मेव्हण्याचा मुलगा तेव्हा आमच्याकडंच अडकला होता, सतरा-अठरा वर्षांचा, वायरिंगला मदत करायचा. ऑर्डर यायला लागल्या तशी त्यानं कल्पना काढली की मामा, व्हॉट्सअ‍ॅपला स्टेटस टाकूया. बंद डब्याचा फोटो काढला तर पिठाचाच डबा दिसतो, कोण घेणार. म्हणून झाकण उघडं ठेवून, ट्यूबा पेटवून, खोलीतली लाइट बंद करून त्यानं फोटो काढले. मग व्हिडिओ. मग मास्क हातात धरून डब्यात ठेवतानाचा व्हिडिओ, तो दोनदा, कारण पहिल्यांदा हात हलला. सगळं मिळून दहाएक मिनिटं गेली असतील. तुमच्या फोटोत जसे चेहरे निळे आलेत ना, अगदी तस्सा त्याचा आला होता. मी म्हणालो झकास.

रात्री दीडला उठला. मामा, डोळ्यात वाळू गेलीया. पाणी मारलं, परत मारलं. वाळू जाईना. पाऊण तासात तर डोळे उघडता येईनात, नुसतं पाणी गळतंय आणि घरातला झिरोचा बल्ब पण सहन होईना, पोरगं उशीत तोंड खुपसून वरडायला लागलं. बायको बटाट्याच्या चकत्या घेऊन बसलेली आणि मी कुठल्या डोळ्याच्या डॉक्टरला एवढ्या रात्री लॉकडाऊनमध्ये फोन लावायचा ह्या विचारात. शेवटी एकांनी उचलला. त्यांनी फक्त एकच प्रश्न विचारला, वेल्डिंग बघितलंय का त्यानं?

आमच्याकडं एमआयडीसीत काम करणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा, डोळ्याला वेल्डिंग लागणं काय असतं तो सांगेल. काच न धरता नुसत्या डोळ्यानं ठिणगी बघायची, तेव्हा काहीच वाटत नाही, दुखत नाही, आणि सहा-आठ-बारा तासांनी रात्री डोळ्यात वाळू भरते. बुबुळावरची कातडी भाजलेली असते, उन्हानं पाठ भाजते तशी. यूव्ही-सी च्या ट्यूबनं नेमकं तेच होतं. आणि तिचा दगा हा आहे की ती गरम लागत नाही, डोळे दिपवत नाही, मंद निळी, देवघरातल्या दिव्यासारखी. माणूस वेल्डिंगकडं बघायला घाबरतो, हिच्याकडं टक लावून बघतो.

पोरगा दोन दिवसांनी ठीक झाला, थेंब दिले होते, पट्टी बांधून अंधारात झोपवला. मानेची आणि हाताची कातडी लाल होऊन सोलवटली ती वेगळी. त्याच्या आईला आम्ही बरेच दिवस सांगितलं नव्हतं. आता सांगून झालंय म्हणून इथं लिहितोय.

नंतर वाचलं की हे आमच्याच घरात झालं असं नाही, अमेरिकेत मायामीला बास्कम पामर म्हणून डोळ्यांची मोठी संस्था आहे, तिथल्या डॉक्टरांनी २०२० मध्येच अशा ७ जणांची माहिती छापली, सगळे कोरोनाच्या भीतीनं जंतू मारायचा यूव्ही दिवा लावून त्याच्या समोर वावरलेले. जागतिक आरोग्य संघटनेला वेगळं पोस्टर काढावं लागलं की ह्या दिव्याखाली हात धरू नका. ह्या उजेडाला दिवसभरात किती अंगावर घेतलेलं चालतं ह्याची मर्यादा ठरलेली आहे, चौरस सेंटिमीटरला ६ मिलीजूल. मघाचाच हिशोब इकडं लावा. १५ वॅटच्या ट्यूबपासून एक मीटरवर उभं राहिलं तर ही दिवसाची मर्यादा २ मिनिटांत संपते. एक फुटावर तोंड नेलं तर पंधरा-वीस सेकंदांत. तुमच्या फोटोतला चष्मा नसलेला मुलगा फुटभरावरच आहे. तो फोटो काढायला किती वेळ लागला ते तुमच्या फोटोग्राफरला विचारा, मुलांना सरका, अजून वाका, इकडं बघा, म्हणेपर्यंत वीस सेकंद कधीच गेले असतील.

म्हणूनच माझं म्हणणं आहे की यूव्हीचा डबा नीट बनवलेला असेल तर त्याचा चालू असतानाचा फोटो निघूच शकत नाही. निघाला तर डबा चुकलाय. डीआरडीओनं त्याच एप्रिल-मेच्या सुमारास यूव्ही ब्लास्टर म्हणून खांबासारखं यंत्र केलं होतं, ४३ वॅटचे सहा दिवे, १२ बाय १२ ची खोली १० मिनिटांत. आकडे बघून मला तेव्हा दिव्यांचंच अप्रूप वाटलं. पण त्यात खरी गोष्ट दिव्यांची नव्हतीच, ते यंत्र बाहेरून लॅपटॉप नाहीतर मोबाइलवरून चालू करायचं आणि खोलीचं दार चुकून उघडलं किंवा कोणी आत आलं की आपोआप बंद व्हायचं. अमेरिकेत नेब्रास्का विद्यापीठाच्या दवाखान्यात एन९५ परत वापरायला यूव्ही वापरली, तिथं खोलीत दोरीला कपडे वाळत घालतात तसे मास्क तारेवर टांगायचे, दोन्ही बाजूंना दिव्यांचे मनोरे, भिंतींना उजेड परत फेकणारा रंग, मीटर लावून मोजणी, आणि प्रत्येक मास्कवर ज्याचं त्याचं नाव. माणसं बाहेर. ह्यातलं काय होतं माझ्या डब्यात? नाव पण नव्हतं.

आमच्या डॉक्टरांचं पुढं काय झालं म्हणाल तर त्यांनी डबा ठेवून घेतला पण वापरणं सोडलं. त्यांनी कागदी पिशव्या आणल्या, वाण्याकडं मिळतात त्या खाकी, त्यावर वार लिहिले आणि एक मास्क एक दिवस वापरून त्या वाराच्या पिशवीत, मग पुढच्या आठवड्यात त्याचाच नंबर. मोठमोठ्या हॉस्पिटलांत हीच पद्धत चालू होती. विषाणू कोरड्या कागदात आपोआप मरतो, त्याला वीज लागत नाही, चोक लागत नाही. सहा मास्क आणि सहा पिशव्या, रविवारी दवाखाना बंद. प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही, तिथं ओल धरते. आणि धुवायचा तर मुळीच नाही, साबणानं किंवा स्पिरिटनं एन९५ चा वीजभार जातो आणि मग तो दिसायला एन९५ आणि कामाला रुमाल. हे मधल्या थराचं तंत्र ज्यांनी शोधलं ते पीटर त्साय, तैवानचे, अमेरिकेत टेनेसी विद्यापीठात होते, रिटायर होऊन घरी बसलेले, २०२० मध्ये परत कामाला लागले, का तर सगळं जग त्यांना विचारत होतं की मास्क परत कसा वापरायचा. त्यांनी पण आधी हेच सांगितलं, मास्क आलटून पालटून वापरा.

आणि कापडी मास्कला तर यूव्हीचं नावही काढू नका. सुती कापडाच्या तीन घड्यांतून ती आरपार जात नाही, वरचा थर फक्त. त्याला साबण आणि गरम पाणी. सरकारनं तेव्हा घरगुती मास्कचं जे पत्रक काढलं होतं त्यात लिहिलं होतं, धुवून कडक उन्हात निदान ५ तास, आणि ऊन नसेल तर पाण्यात घालून कुकरला १० मिनिटं. आमच्या आईनं कुकरला लावले होते, मिठाचं पाणी घालून. दुपारी वहिनी विचारते भात झाला का, तर आई म्हणते भात नाही, मास्क झालेत, दोन शिट्ट्या अजून. (इथं एक सांगतो, उन्हात यूव्ही-सी नसते, ती वरच ओझोनमध्ये अडते, त्यामुळं उन्हाचं आणि ट्यूबचं काम एक नाही. उन्हात मास्क वाळतो, तापतो, उन्हातली बाकीची यूव्ही थोडा हातभार लावते. पण साबणानं आधीच काम झालेलं असतं.)

आता ती शाळा. मुलांवर माझा काडीचा राग नाही, उलट सोल्डरिंग बातमीतल्या फोटोत दिसतंय तेवढं तरी सुबक आहे, माझ्यापेक्षा बरं. सरांवर पण नाही, त्यांना कुणी सांगितलंच नसणार. ट्यूब दुकानात कुणालाही मिळते, दोन-अडीचशे रुपयांत, सोबत कागद पण नसतो आणि असला तरी मुंगीएवढ्या अक्षरात. राग असलाच तर थोडा तुमच्यावर आहे, संपादक साहेब. ज्या पेपरात मांजात अडकून पक्षी जखमी झाला तर बातमी येते, तिथं हा फोटो चार कॉलम छापताना कुणाला तरी वाटायला हवं होतं की हा दिवा कसला आहे ते विचारूया. आणि आता तो फोटो कात्रण होऊन शाळेच्या बोर्डावर लागणार, पुढच्या वर्षी दुसऱ्या शाळेतली मुलं तसाच डबा करणार आणि तसाच वाकून फोटो काढणार. मास्क आता कोण वापरतंय म्हणून विषय संपला असं नाही, तोच डबा उद्या दुधाच्या बाटलीसाठी होतो, टूथब्रशसाठी होतो, मोबाइलसाठी तर बाजारात रेडिमेड मिळतो.

तर दोन विनंत्या आहेत. एक, शाळेत फोन करून त्या मुलांना दुसऱ्या दिवशी डोळ्यांचा काही त्रास झाला होता का विचारा, झाला असेल तर घरच्यांना कारण तरी कळेल, नाहीतर ते डोळे आले समजून बसतील. दुसरी, डब्याला झाकणाचा स्विच बसवायला सांगा. अवघड नाही. सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनचं ड्रायरचं झाकण उचललं की ड्रायर थांबतो ना, त्याच्या झाकणाखाली एक स्विच असतो, तो ट्यूबच्या लाइनमध्ये टाकायचा, झाकण उघडलं की ट्यूब बंद. भंगारातल्या मशीनमधून फुकट निघतो, टाकाऊतून टिकाऊच्या नियमात पण बसतो. ट्यूब कधी बसवली ती तारीख डब्यावर लिहायची. आणि ट्यूब फुटली तर झाडू मारायचा नाही, आत पारा असतो, खिडक्या उघडून सगळ्यांनी बाहेर जायचं आणि मग जाड कागदानं गोळा करायचं. शाळा लांब नाही, मला बोलावलं तर मी स्वतः येऊन स्विच बसवून देतो, माझ्या ड्रॉवरमध्ये चार पडलेत.

ते चार कशाला आणले होते ते पण सांगून टाकतो. पोराचे डोळे बरे झाल्यावर मी अकराही गिऱ्हाइकांना फोन केले, डबा परत आणून द्या, स्विच बसवून देतो, पैसे नकोत. नऊ आले. त्यातल्या दोघांनी स्विच बसवून नेला, बाकीच्यांनी पैसे परत मागितले, दिले, डबे अजून माळ्यावर आहेत, बायकोचा पिठाचा डबा तेवढा काढून घेतला. दोन आलेच नाहीत. एकाचा फोन लागत नाही आणि दुसरे म्हणाले चांगला चालतोय की, कशाला त्रास घेता, आम्ही रोज वापरतो. तुमचा पेपर त्यांच्याकडं जात असेल म्हणून लिहितो, डब्याच्या झाकणावर पांढऱ्या ऑइल पेंटनं ‘५ मिनिटे’ लिहिलेलं असेल, थोडं तिरकं. ते अक्षर माझं आहे. प्लग काढून ठेवा, दुकान तिथंच आहे.

आपला,
एक प्युरिफायरवाला,
मिरज